आठवीतल्या मुलाला ८० टक्क्यांसाठी सायकल कबूल करावी का?

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा आठवीत आहे. सहामाहीत गणितात जेमतेम पास झाला, बाकी विषय बरे आहेत. वडिलांनी घरात जाहीर केलं, "वार्षिक परीक्षेत ८० टक्के आण, गिअरची सायकल घेऊन देतो." चार-पाच दिवस पोरगा नेमाने पुस्तक घेऊन बसला, मग पुन्हा जैसे थे. तिसरीतली धाकटी रोज आवडीने गोष्टी वाचते. ती आता म्हणते, "दादाला सायकल, मग मला वाचायचं काय मिळेल?" आजीचं म्हणणं, अभ्यास स्वतःसाठी करायचा असतो, त्याला आमिष कशाला. बक्षीस द्यावं की नाही, आणि द्यायचं तर कसं?

ताई, सरळ सांगते. बक्षीस द्या, पण ८० टक्क्यांसाठी नको. मुलाच्या हातात जे आहे त्यासाठी द्या. टक्के त्याच्या हातात नाहीत. आज संध्याकाळी अर्धा तास बसून पाच उदाहरणं सोडवणं त्याच्या हातात आहे. मी नागपुरात वर्षानुवर्षं पाचवी ते दहावीला गणित शिकवत आले. बक्षिसं कुठे लागू पडली आणि कुठे वाया गेली, हे जे पाहिलं त्याचं सार एवढंच आहे. पण ते घरात उतरवायचं कसं, ते नीट सांगायला हवं.

आधी त्या चार-पाच दिवसांत काय झालं असेल ते पाहू. मुलगा खोटा नव्हता, त्याला सायकल खरंच हवी होती. म्हणूनच तो बसला. पुस्तक उघडलं, पहिलंच प्रकरण परिमेय आणि अपरिमेय संख्यांचं. उणे दोन तृतीयांश आणि उणे पाच सप्तमांश, यांत मोठी संख्या कोणती? हे ठरवायला छेद समान करता यायला हवेत आणि ऋण संख्यांचा क्रम कळायला हवा. छेद समान करणं पाचवीत येऊन गेलं, तेव्हाच कच्चं राहिलं. मग त्याने पुढचं एक प्रकरण काढलं. बैजिक राशींचे अवयव पाडायचे तर गुणाकार ६ आणि बेरीज ५ येईल अशा दोन संख्या झटकन सुचाव्या लागतात. पाढे डळमळीत असतील तर तिथेही गाडी अडते. तीन संध्याकाळी असं झालं की मूल मनातल्या मनात हिशेब करतं, की ही सायकल काही आपल्याला मिळायची नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ते आळशी दिसतं. वर्गात अशा मुलांना जवळ बसवून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, बसून तर राहिलो, पण समजूनच नाही राहिलं."

बक्षीस मुलाला खुर्चीत बसवू शकतं. अपूर्णांक शिकवू शकत नाही.

याचा मोठा पुरावा अमेरिकेतून आला आहे. रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या अनेक शहरांतल्या सरकारी शाळांमध्ये मुलांना प्रत्यक्ष पैसे देऊन पाहिले आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. न्यूयॉर्कमध्ये चौथी आणि सातवीच्या मुलांना चाचणीतल्या गुणांवर पैसे दिले. शिकागोत नववीच्या मुलांना श्रेणीनुसार दिले, सर्वांत वरच्या श्रेणीला ५० डॉलर. दोन्हीकडे गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डॅलसमध्ये मात्र दुसरीच्या मुलांना पुस्तक वाचून त्यावरची छोटी प्रश्नावली सोडवली की पुस्तकामागे फक्त २ डॉलर दिले, आणि त्यांतल्या इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचं वाचून समजणं सुधारलं. पैसे कमी असूनही परिणाम जास्त, बहुधा यासाठी की पुस्तक वाचणं ही मुलाला जमणारी, त्याच्या आवाक्यातली गोष्ट होती. न्यूयॉर्कच्या मुलांना विचारलं, की जास्त पैसे मिळवायचे तर काय कराल? ती प्रश्न नीट वाचू, उत्तरं पुन्हा तपासू असं सांगत होती. शिक्षकांना शंका विचारू, पाठ पुन्हा वाचू, हे त्यांना सुचत नव्हतं. हाव होती, वाट माहीत नव्हती. तुमच्या घरातही नेमकं हेच झालं आहे.

दुसरी अडचण अंतराची. सहामाहीनंतर वार्षिक परीक्षा एप्रिलच्या उन्हात. तेरा वर्षांच्या मुलासाठी पाच महिने म्हणजे फार लांबचा पल्ला. शिकागो परिसरातल्याच शाळांमध्ये आणखी एक प्रयोग झाला. चाचणीच्या तोंडावर मुलांना सांगितलं, की आधीपेक्षा चांगलं केलंत तर बक्षीस. बक्षीस लगेच हातात पडणार असेल तर मुलं जास्त जोर लावत. तेच बक्षीस महिन्याने मिळणार म्हटलं की जवळपास काहीच फरक पडत नसे. लहान मुलांना तर पैशांइतकीच साधी ट्रॉफीही पुरली. महिन्याचं हे, तर पाच महिन्यांचं काय सांगावं!

आता करायचं काय? या आठवड्यात आठवीचं पुस्तक बाजूला ठेवा. पाचवी-सहावीची गणिताची पुस्तकं शेजारीपाजारी मिळतील, नाहीतर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांत मिळतील. बालभारतीच्या संकेतस्थळावर तर फुकट आहेत. त्यातल्या अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, ऋण संख्या, शेकडेवारी या प्रकरणांतली थोडी-थोडी उदाहरणं मुलाला सोडवू द्या. वेळ लावू नका, रागावू नका, कुठे अडतो तेवढं टिपून ठेवा. जिथे अडला तिथून सुरुवात. आठवीतल्या पोराला पाचवीचं पुस्तक हातात घ्यायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. म्हणून धाकटीच्या समोर नको, आणि "बघ, हेही येत नाही" असं तर मुळीच नको. त्याला एवढं सांगा, की आठवीतली वाट इथूनच जाते आणि हे पंधरा-वीस दिवसांचं काम आहे. बहुतेक मुलांचं तेवढ्यात होतं, कारण वय वाढलेलं असतं. पाचवीत डोक्यावरून गेलेलं आठवीत पटकन बसतं.

मग रोजचं काम ठरवा. संध्याकाळी खेळून आल्यावर अर्धा तास, पाच उदाहरणं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, काल चुकलेलं एक उदाहरण पुन्हा सोडवायचं आणि चूक कुठे झाली होती ते एका ओळीत लिहायचं. "चिन्ह बदललं नाही." "छेद समान न करताच बेरीज केली." "हातचा विसरलो." यासाठी वेगळी चुकांची वही करा. माझ्या सगळ्या शिकवण्यात या वहीइतकं गुणकारी दुसरं काही मी पाहिलं नाही. मी वर्गातही बरोबर उत्तरापेक्षा सापडलेल्या चुकीला जास्त मान द्यायचे. फळ्यापाशी येऊन जो सांगेल की मी इथे चुकलो आणि म्हणून चुकलो, त्याच्या वहीवर खास शेरा. आरंभी मुलं बिचकतात. चूक लपवायची असते, एवढंच त्यांना आजवर शिकवलेलं असतं. थोड्या दिवसांत मागच्या बाकावरचे हात वर येऊ लागतात, कारण ही एक गोष्ट अशी आहे की ज्यात पहिल्या नंबरच्या मुलाला काही जास्तीचा फायदा नसतो. उलट ज्याच्या चुका जास्त त्याला संधी जास्त. बक्षीस लावायचंच तर या वहीवर लावा. रोज एक चूक दुरुस्त झाली की वहीत एक खूण, आठवड्यात पाच खुणा झाल्या की ठरलेली गोष्ट त्याच रविवारी.

ठरलेली गोष्ट म्हणजे काय? छोटी, लगेच देता येणारी आणि शक्यतो सोबत करायची. रविवारी सकाळी बाबांबरोबर तर्री-पोहे खायला जाणं. संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर. महिन्यातून एकदा रामन विज्ञान केंद्र, तारांगणासकट. घरी काय शिजणार ते त्याने ठरवायचं. मित्रांना घरी बोलवायचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वडिलांचा अख्खा तासभर मिळणं किती मोठं वाटतं, याची बऱ्याच वडिलांना कल्पना नसते. मी मुलांना वर्गात कागदावर लिहायला सांगायचे, की काय मिळालं तर आवडेल. महागड्या वस्तू असायच्याच, पण "पप्पांनी सुट्टीच्या दिवशी माझ्यासोबत क्रिकेट खेळावं" हेही दर वेळी कोणी ना कोणी लिहायचंच.

रोख पैसे मी टाळीन. उदाहरणामागे पाच रुपये म्हटलं की मूल सोपी उदाहरणं निवडतं, ते त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे. मग दहा रुपयांची मागणी येते. आणि पुढे भांडी लावायला, आजीला पाणी द्यायलाही भाव ठरतो. मोबाईलचा वेळ बक्षीस म्हणून देणंही मला पटत नाही. जी गोष्ट आवरायची आहे तिलाच आपण घरातलं सर्वांत मौल्यवान धन ठरवतो. मोबाईलची वेळ घरातल्या सगळ्यांसाठी ठरलेली असावी, अभ्यास झाला तरी तीच आणि नाही झाला तरी तीच.

एक जुनी युक्ती मात्र बिनखर्चाची आहे. डेव्हिड प्रिमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये ती नियमाच्या रूपात मांडली, आपल्याकडच्या आया तर ती कधीपासून वापरतात. मूल जे आपणहून करतं ते, जे टाळतं त्याच्या मागे ठेवायचं. पाच उदाहरणं, मग कॅरम. एक उतारा, मग चित्रं. एवढंच सांभाळा, की मैदानावरचा खेळ यात ओढू नका. खेळ ही त्याची गरज आहे, ती मिळवायची वस्तू करू नका. गणितात कमी पडले म्हणून पोराचं क्रिकेट बंद करणारी घरं मी खूप पाहिली. त्या घरांत गणित वाढलेलं पाहिलं नाही, चिडचिड तेवढी वाढलेली पाहिली. तसंच, एकदा मिळवलेलं बक्षीस काढून घेऊ नका. सोमवारी भांडण झालं म्हणून रविवारचे पोहे रद्द, असं एकदा जरी झालं तरी पुढच्या कुठल्याही ठरावावर मूल विश्वास ठेवणार नाही.

आता आजींची काळजी. ती खोटी नाही, आणि तिला चांगला आधारही आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या अशा मुलांना घेऊन प्रयोग केला, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काही मुलांना आधी सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी ताऱ्याचं, फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तेव्हा बक्षीस ठरवून चित्रं काढलेली मुलं मोकळ्या वेळेत त्या पेनांकडे बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ वळत होती. जे मौजेने चाललं होतं, ते काम होऊन बसलं. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी मात्र शाबूत होती.

म्हणून धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर अगदी वेगळं आहे. तिला वाचण्यासाठी काहीही कबूल करू नका. बरोबरी साधायची म्हणून तर मुळीच नको. तिला सांगा, "दादाला गणित जड जातं म्हणून आपण सगळे मिळून त्याला मदत करतोय. तुला काही जड गेलं की तुलाही करू." तिसरीतल्या मुलीला हे समजतं. आणि तिच्या वाचनाला हवं ते द्या. नवी गोष्टीची पुस्तकं, रात्री शेजारी बसून तिने वाचलेलं ऐकणं, वाचनालयाचं सभासदत्व. हे वाचनाचा मोबदला म्हणून येऊ नये, वाचनाला लागणारं सामान म्हणून यावं. कधी अचानक एखादं पुस्तक आणून हातात ठेवलंत तर त्याने काही बिघडत नाही.

यावर मानसशास्त्रात बरीच वर्षं वाद चालला. एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोग एकत्र तपासले आणि आधी कबूल केलेल्या, हातात घेता येणाऱ्या बक्षिसांनी आतली आवड घटते असं दाखवलं. जुडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स हे बक्षिसांची भीती वाजवीपेक्षा जास्त घातली जाते असं मांडत आले. मला वर्गात दोघांचंही खरं दिसलं, मुलं वेगळी होती एवढंच. ज्याला आवड आहे त्याची बक्षिसाने बिघडू शकते. ज्याला त्या विषयाची धास्तीच आहे, त्याच्याकडे बिघडण्यासारखी आवड शिल्लकच नसते. अशा मुलाचं हापशीसारखं असतं. कोरड्या पडलेल्या हापशीत आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तेव्हा कुठे खालचं पाणी वर येतं. तुमच्या मुलाला त्या तांब्याची गरज आहे, मुलीला नाही. पाणी यायला लागलं की तांब्या बाजूला ठेवायचा, हे मात्र ध्यानात असू द्या.

तो बाजूला कसा ठेवायचा? महिनाभर आठवड्याची गोष्ट आठवड्याला द्या. मग दोन आठवड्यांतून एकदा. मग ठरवून देणं थांबवा आणि अधूनमधून, न सांगता. या काळात त्याला उदाहरणं यायला लागलेली असतील, तर घरात कोणी विचारायच्या आधीच तो वही उघडताना दिसेल, किंवा "हे मी दुसऱ्या पद्धतीने केलं" असं सांगत येईल. तीच खूण. महिना उलटला तरी बक्षिसाशिवाय हात हलत नसेल, तर बक्षीस वाढवू नका. काम अजूनही त्याच्या पायरीच्या वरचं आहे असं समजा आणि एक पायरी खाली या.

शाबासकीबद्दल थोडं, कारण घरात दिवसातून दहादा दिलं जाणारं बक्षीस तेच आहे. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. मग अवघड कोडी दिली, ती बहुतेकांना सुटली नाहीत. "हुशार" म्हटलेली मुलं त्यानंतर खचली, सोप्या कोड्यांतही मागे पडली, आणि आपले गुण लिहायला सांगितल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. मराठी घरात "आमचा सोन्या फार हुशार" हे प्रेमानेच म्हटलं जातं. पण ते वाक्य सांभाळण्यासाठी मूल अवघड उदाहरणाला हात लावेनासं होतं. त्याऐवजी घडलेलं सांगा. "काल अडलं होतंस, आज पुन्हा बसलास." "तीन वेळा खोडून चौथ्यांदा जमवलंस." नुसतं "छान, छान" मुलांना पोकळ वाटतं, त्यांना ते लगेच ओळखू येतं. आणि मेहनत घेऊनही उत्तर चुकत असेल तर नुसत्या मेहनतीचं कौतुक करत बसू नये, पद्धत बदलून द्यावी.

तुलना तर घराबाहेरच ठेवा. काकांच्या मुलाला ९२ पडले, हे वाक्य धंतोलीपासून नंदनवनपर्यंत घरोघरी ऐकू येतं, आणि त्याने कोणाचा टक्का वाढल्याचं मी पाहिलेलं नाही. त्याची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याच्या वहीशी करा.

शाळांबद्दलही बोलायला हवं, कारण हे वाचणाऱ्यांत शिक्षक असतील. स्नेहसंमेलनात दर वर्षी त्याच तीन-चार मुलांना टाळ्या मिळतात. उरलेली पन्नास मुलं टाळ्या वाजवायला असतात, आणि पाचवीपासूनच त्यांना कळलेलं असतं की हे आपल्यासाठी नाही. बक्षीस बंद करा असं मी म्हणत नाही, अव्वल येणाऱ्याचा मान त्याला मिळालाच पाहिजे. पण गेल्या चाचणीपेक्षा सर्वांत जास्त सुधारलेला, वर्षभर वही पूर्ण ठेवणारी, शेजारच्याला समजावून देणारा, यांची नावंही त्याच मंचावरून, तितक्याच मोठ्या आवाजात घ्या. आणि बक्षीस मिळालं नाही म्हणून वर्गात कोणाला उभं करू नका.

मोठी, लांबची बक्षिसं कधी चालतात, याचंही एक उदाहरण द्यावंसं वाटतं. केनियाच्या ग्रामीण भागात २००१ मध्ये सहावीतल्या मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. जिल्ह्यातल्या वरच्या १५ टक्क्यांत आलेल्या मुलींची दोन वर्षांची फी आणि शालेय सामानाचा खर्च मिळायचा. मायकेल क्रेमर, ज्यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर नोबेल मिळालं, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. मुलींचे गुण वाढले. ज्यांना शिष्यवृत्ती मिळण्याची फारशी शक्यता नव्हती, त्या मुलींचेही वाढले. शिक्षकांची हजेरीसुद्धा सुधारली. मला यातलं शेवटचं फार मोलाचं वाटतं. बक्षीस मुलीला होतं, पण हलली अख्खी शाळा. आणि ते बक्षीस पुढच्या शिक्षणाच्याच कामाचं होतं.

आपल्याकडे याच्या जवळचं काही असेल तर ती राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात. परीक्षा आठवीत होते, आणि निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. तुमचा मुलगा सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर वर्गशिक्षकांना जरूर विचारा. सातवीतल्या गुणांचीही अट आहे, ती शाळेत कळेल. यंदा जमलं नाही, तरी धाकटीसाठी हिची आणि राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेची माहिती घेऊन ठेवा. अशी परीक्षा द्यायला बसवणं आणि "ती मिळवलीच पाहिजेस" म्हणणं यांत फार अंतर आहे, ते तेवढं राखा.

आता सर्वांत नाजूक भाग, कबूल करून बसलेली सायकल. वडिलांनी दिलेला शब्द मोडायचा नाही. त्यांनीच मुलाला घेऊन बसावं आणि म्हणावं, "मी ८० म्हटलं होतं. ते पडले तर सायकल आहेच, शब्द मागे घेत नाही. पण मला वाटतं मी अट चुकीच्या जागी लावली. आता असं करू. चुकांची वही रोज भरायची, डिसेंबर ते मार्च. महिन्यात वीस दिवस भरली की तो महिना तुझा. असे तीन महिने झाले की सायकल, टक्के कितीही येवोत." तीन महिन्यांनी सायकल हे लांबचं आहेच, म्हणून रविवारची छोटी गोष्ट सोबत हवी. शाळा किंवा शिकवणी लांब असेल आणि सायकल तशीही लागणारच असेल, तर माझं मत आणखी सोपं आहे. ती गरज म्हणून आत्ताच घेऊन द्या आणि बक्षिसातून तिला वगळून टाका. साधी घ्या, गिअरची नको असेल तर नको. गरजेच्या वस्तूला परीक्षा लावली की पोराला रोज घरात उमेदवारासारखं वाटतं.

हे ठरवताना त्याला बोलू द्या. किती उदाहरणं, किती वाजता, रविवारी काय. त्याने चारच उदाहरणं म्हटली तर चार घ्या. स्वतः ठरवलेली चार तो करील, तुम्ही लादलेल्या दहांवरून रोज वाद होईल. फेब्रुवारीनंतर नागपुरात दुपारची होरपळ सुरू होते, तेव्हा वेळ सकाळी सहा-साडेसहाची ठेवणं बरं. त्यासाठी रात्री दहाला झोप. दोन-दोन शिकवण्या असतील तर एक कमी करा. शिकवणीहून साडेआठला आलेल्या मुलाला कुठलंच बक्षीस जागं ठेवू शकत नाही, आणि ठेवूही नये.

हे सगळं सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. एक, डोळे. मागे बसणाऱ्या मुलाला फळ्यावरचं घातांकाचं चिन्ह दिसतच नसतं, आणि तो ते कोणाला सांगतही नाही. दुसरी, आकडे उलटे लिहिणं, २३ चे ३२ होणं, वाचताना ओळ सुटणं, तोंडी सगळं येतं पण लिहिताना कोलमडतं, असं लहानपणापासून चालत आलं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये त्याची चौकशी करता येईल. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि इतर सवलती मिळतात. आठवीत कळलं तर हातात दोन वर्षं असतात. अशा मुलाला सायकल कबूल करणं म्हणजे जे त्याला आज शक्यच नाही त्यासाठी रोज हरायला लावणं आहे. आणि सहामाहीचा गणिताचा पेपर शाळेतून बघायला मागा, वर्गशिक्षकांबरोबर दहा मिनिटं बसा. किती गुण गेले हे विचारू नका. कुठल्या पायरीवर गेले ते विचारा, आणि ते चुकांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून आणा.